गाऊन हे सामान नव्हे

कुठलीही वस्तू ‘दोनच दिवस राहू दे’ म्हणून घरात घेऊ नये. मग ती शेजाऱ्यांची मांजर असो, साडूचं कपाट असो, नाहीतर धाकट्या भावाचा गाऊन असो. मांजर निदान स्वतःच्या पायांनी बाहेर जाते. कपाट चार माणसं लावून हलवता येतं. गाऊन घराबाहेर कसा काढतात हे मी आता सांगू शकतो, पण ती पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

माझा धाकटा भाऊ रंगमंचावर बाई होतो. गातो, नाचतो, प्रेक्षकांची टर उडवतो आणि अंगावरचा प्रत्येक कपडा स्वतः बेततो, स्वतः शिवतो. लोक त्याला ‘बाईसाहेब’ म्हणतात. मी विमा कंपनीत दावे तपासायला असतो. ऑफिसात कोणी ‘भाऊ काय करतो?’ असं विचारलं की मी ‘कपड्यांच्या लाइनमध्ये आहे’ असं सांगतो. यात एक अक्षर खोटं नाही. लोक दाव्याच्या अर्जात जे लिहितात त्यापेक्षा तर कितीतरी खरं आहे. कारण तो इतरांसाठीही कपडे शिवतो. कुस्तीगिरांचे झगे, गायकवृंदाचे अंगरखे, बर्फावर घसरत नाचणाऱ्या मुलींचे ते एवढेएवढेसे फ्रॉक. एकदा त्याने एका दंतवैद्याला कसल्याशा समारंभासाठी दाताचा पोशाख शिवून दिला होता. दाढ होती. मुळांसकट.

इतकी वर्षं तो एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम करायचा. खाली लोक जेवायचे, वर हा नाचायचा, आणि फार रंगात आला की खालच्यांच्या सूपमध्ये छताचा चुना पडायचा. मी आणि बायको अधूनमधून जायचो. माझी जागा ठरलेली होती, खांबामागे. तर यंदा त्याला पहिल्यांदाच शहरातल्या मोठ्या थिएटरने बोलावलं. हंगामाचा पहिला कार्यक्रम आणि त्याची सुरुवात बाईसाहेबांच्या प्रवेशाने! पण तिथला मॅनेजर पडला संशयी. तो म्हणाला, “रेस्टॉरंटात चालतं ते इथे चालेलच असं नाही. आधी पोशाख दिव्यांत बघीन. पसंत पडला तर सुरुवात तुमची. नाहीतर जादूगार तयारच आहे.”

जादूगाराचं नाव धाकट्याला फार झोंबलं. “दादा, तो अजून टोपीतून ससा काढतो रे,” तो मला म्हणाला. “सशालासुद्धा कंटाळा आलाय.” मग म्हणाला, “माझे गुडघे बोलायला लागलेत आता. हे या वेळी जमलं तर जमलं. नाहीतर मग आयुष्यभर सूपच.”

असं काही बोलला की मला राग येतो. म्हणजे वाईट वाटतं, पण आमच्या घराण्यात वाईट वाटल्याचं तोंडावर रागासारखंच दिसतं. मी म्हटलं, “मग शीव ना जोरात! इथे काय बसलायस?”

“तेच म्हणायचं होतं,” तो म्हणाला. “माझ्या खोलीत त्याचा घेर मावत नाही. वहिनी, तुमच्या हॉलमध्ये दोनच दिवस ठेवू?”

त्याने माझ्याकडे न बघता थेट वहिनीला विचारलं, यातच सगळं आलं. बायको म्हणाली, “अहो, विचारायचं काय त्यात?” आणि त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये आम्ही पाहुणे झालो.

आता या गाऊनबद्दल थोडं सांगायला हवं. रंग गर्द हिरवा, पण तुम्ही बाजूने गेलात की काळा. वरपासून खालपर्यंत मणी. खाली पोलादी पट्ट्यांच्या कड्यांचा सांगाडा, एकाखाली एक, वरची लहान आणि खालची एवढी मोठी की आमचं जेवणाचं टेबल तिच्यात बसलं असतं आणि वर एखादा आगंतुकही बसला असता. टीव्ही त्याच्यामागे गेला. बातम्या आम्ही नुसत्या ऐकू लागलो. रात्री पाणी प्यायला उठलं की अंधारात कोणीतरी धिप्पाड बाई कंबरेवर हात ठेवून उभी दिसायची, आणि रोज, अगदी रोज, मी तिला ‘कोण आहे?’ असं विचारायचो.

मणी लावायला मावशी यायच्या. मावशी म्हणजे धाकट्याच्या जुन्या शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या असल्यामुळे त्या सगळं बोलणं नाकातून हुंकारत करत. मूळ बेतात सांगाडा घडी घालता येईल असा होता, छत्रीसारखा. धाकट्याने त्यासाठी मुद्दाम बिजागऱ्या लावल्या होत्या. पण मावशींना त्या बिजागऱ्या डोळ्यांत खुपल्या. “दिसतात ना त्या,” असं म्हणून त्यांनी बिजागऱ्यांवरून कापड ताणून घेतलं आणि त्यावर मण्यांची वेल काढली. वेल अप्रतिम झाली. घडी कायमची गेली. आता तो गाऊन दारातून काढायचा तर दोघांनी कड्या दाबून, चपट्या करून, तिरका करून काढायचा. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा आम्ही सगळे वेल बघत होतो.

शेजारी येऊन जाऊ लागले. समोरच्या काकूंनी कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या आणून दिल्या. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरने गाऊनभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ‘भार खांद्यांवर न घेता कंबरेवर घ्या’ असा सल्ला मला दिला. मला! मी म्हटलं, “अहो, मी घालणार नाहीये.” तो म्हणाला, “जनरल सांगतोय.” ही माणसं दुसऱ्याच्या घरात सल्ला ठेवायला येतात आणि मग तोही दोन दिवसांसाठी म्हणून कायमचा राहतो.

आणि मग तो सुटीचा दिवस उजाडला. धाकटा सकाळपासून थिएटरवर तालमीला. मी पायजम्यात, हातात पेपर. फोन वाजला.

“दादा, घोळ झालाय! दिव्यांची तालीम उद्या होती ना, ती आज चारला ठेवलीये. मॅनेजर म्हणतो, चारला गाऊन स्टेजवर पाहिजे, नाहीतर जादूगार. मला इथून हलता येत नाही. मावशींना घेऊन तू आणतोस का? नुसता आणायचाय रे.”

‘नुसता आणायचाय’ हे शब्द मी नंतर पुष्कळ वेळा आठवले.

मी शर्टपँट चढवली. मावशी आणि मी मिळून कड्या दाबत, श्वास रोखत तो दारातून काढला, जिन्यावरून उतरवला आणि इमारतीच्या फाटकापाशी आणला. तिथे वॉचमन उभा राहिला.

“साहेब, पास?”

“कसला पास?”

“मोठं सामान न्यायचं तर कमिटीचा पास लागतो. आणि सुटीच्या दिवशी मोठं सामान हलवायची बंदी आहे. नियम नऊ.”

नियम नऊ मला पाठ होता. कारण नियम नऊ मी लिहिला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी सोफा उतरवताना जिन्याच्या कठड्याचा टवका उडवला, तेव्हा कमिटीत मी तो मांडला, मीच तो लिहिला आणि टाळ्यांच्या गजरात तो पास झाला. नियम उत्तम आहे. मी आजही तेच म्हणेन. ‘दोन माणसांनी उचलावी लागणारी कोणतीही वस्तू’ अशी व्याख्या मी घातली होती, म्हणजे कोणाला पळवाट राहू नये.

मी हळू आवाजात म्हटलं, “अरे, आजच्या दिवस जाऊ दे ना.”

“साहेब, मागे मी चौथ्या मजल्याचा आरसा जाऊ दिला तर तुम्हीच मला मेमो दिला होता.”

“तो आरसा होता!”

“मेमोत तुम्ही लिहिलं होतं, ‘वस्तू कोणतीही असो’.”

एवढं नीट लिहायची काय गरज होती मला! सेक्रेटरींना फोन लावला, तर ते मुलीकडे परगावी. अध्यक्षांना लावला, तर ते म्हणाले, “तुमच्याच नियमाला तुम्हीच फाटा द्यायला लागलात तर उद्या लोक काय म्हणतील?” बायको वरून गॅलरीतून ओरडली, “अहो, भिंतीवरून द्या पलीकडे!” समोरच्या काकू तिच्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “कात्रीने दोन तुकडे करा, तिकडे जाऊन जोडा.” हे ऐकून मावशींच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका वाचनालयातून परत आले. त्यांनी कोर्ट सोडून जमाना झाला, पण कोर्टाने त्यांना सोडलेलं नाही. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि वॉचमनला म्हणाले, “काय रे, माणसाच्या अंगावरचे कपडे हे सामान होतं का?”

“नाही, काका.”

“मी थंडीत जाडजूड कोट घालून बाहेर पडलो तर पास मागशील?”

“छे छे.”

“मग झालं तर! गाऊन हातात असेल तर सामान. अंगात असेल तर पोशाख. नियम नऊ लागूच होत नाही.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “कोणीतरी घालायला पाहिजे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे बघितलं. मागे भिंत होती.

वडिलांनी आम्हा दोघा भावांना फारसं काही दिलं नाही, पण खांदे मात्र एकाच मापाचे दिले. पोटही. धाकट्याच्या मापाने शिवलेला कपडा या इमारतीत दुसऱ्या कोणालाही बसणार नव्हता, हे मावशींनी नुसत्या नजरेने सांगितलं. मी म्हटलं, “हे शक्य नाही. मला ऑफिस आहे, मला समाजात एक स्थान आहे, मला मिशी आहे.”

वकीलकाका म्हणाले, “मिशीला कायद्याची काही हरकत नाही.”

बायको खाली आली होती. ती एरवी माझी फार थट्टा करते, पण या वेळी नाही केली. नुसतं म्हणाली, “भाऊजींचे गुडघे बघितलेत ना तुम्ही? तो जादूगार उभा आहे तिकडे.” संपलं.

वॉचमनच्या केबिनमध्ये मला गाऊनमध्ये घातलं. तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. या गाऊनला चेन नाही, हुक नाहीत, बटणं नाहीत. चेन लावली की पाठीवर रेघ दिसते म्हणे. त्यामुळे यांच्यात असं करतात की कलाकाराला कपडा चढवायचा, पाठ शिवून टाकायची आणि कार्यक्रम झाला की उसवायची. मी विचारलं, “नुसती टाचणी लावली तर?” मावशी म्हणाल्या, “हं हं हं,” म्हणजे नाही. त्या शिवत गेल्या, मी पोट आत घेत गेलो. शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा दातांनी तोडला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून चार कप चहा झालाय आणि आता मी स्वतःच्या इच्छेने कुठेच जाऊ शकत नाही.

बाहेर आलो. वॉचमन दोन पावलं मागे सरला. मला वाटलं हसेल. पण तो सावधान उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. “जाऊ द्या साहेबांना,” तो म्हणाला. फाटकावर दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे हे तो स्वतःलाच म्हणाला. मग त्यानेच कड्या दाबल्या आणि मला फाटकातून पार केलं.

टॅक्सीत कडी मावेना. दोन टॅक्सीवाले मला बघून थांबले आणि मला नीट बघून निघून गेले. शेवटी कोपऱ्यावरच्या फुलवाल्याची व्हॅन मिळाली. बसणं तर शक्यच नव्हतं, पोलादी कड्यांवर कोण बसणार! मागची दारं उघडी ठेवून, फुलांच्या बादल्यांच्या मधोमध मी वाकून उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी टपाला धरलं. मावशी पुढे बसल्या. फुलवाला म्हणाला, “थिएटर ना? वाटेतच आहे. फक्त एक चक्र पोचवायचंय, दोन मिनिटांचं काम.”

फुलांचं चक्र कुठे पोचवतात हे माझ्या वेळेवर लक्षात यायला हवं होतं. व्हॅन थांबली ती एका अंत्ययात्रेपाशी.

काळ्या कपड्यांतली वीसपंचवीस माणसं चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. दारं उघडी, आत फुलं, आणि फुलांत मी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अशा वेळी माणसाने काय करावं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी मान खाली घातली आणि गंभीर चेहरा केला. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, माझा हात हातात घेतला आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाले, “तुम्ही आलात, फार बरं वाटलं. त्यांनी तुमच्याबद्दल कधी सांगितलं नाही.”

“मी फुलांबरोबर आलोय,” मी म्हटलं.

“सगळे असंच म्हणतात,” म्हातारे म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटून गेले.

आणि त्यांच्यामागून पायऱ्या उतरत आले आमच्या ऑफिसातले मोठे साहेब. बारा वर्षं ज्यांच्यासमोर मी शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवलं नाही, ते साहेब. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. वर मिशीपाशी आले आणि त्यांना ओळख पटली.

“तुम्ही?”

“हो, सर.”

मग माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “माझा भाऊ कपड्यांच्या लाइनमध्ये आहे.”

“हो,” साहेब म्हणाले, “दिसतंय.”

थिएटरच्या मागच्या बाजूला पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. तिथे दोन दारं. एकावर पाटी ‘कलाकार’, दुसऱ्यावर ‘सामान’. मी ताठ मानेने कलाकारांच्या दाराशी गेलो. दारवानाने वहीत बोट फिरवलं. “तुमचं नाव नाही.”

“माझ्या भावाचं असेल.”

“ते सकाळीच आत गेलेत. एका नावावर एकच माणूस.”

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. फाटक, नियम नऊ, वकीलकाका, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे पोशाख आत जायला पाहिजे, तुम्ही नाही. मग सोपं आहे की! बाजूच्या दाराने या. तिथे फक्त सही लागते.”

मी त्याला म्हटलं, “अहो, हे सामान नाही हे सिद्ध करण्यात माझा अख्खा दिवस गेलाय!”

“तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे आहे.”

माझी सही तिथे अजून असेल. ‘एक नग, गाऊन, भरलेला.’ दावे तपासणाऱ्या माणसाने असं काही वाचलं असतं तर त्याने चौकशी लावली असती. मी सही केली आणि मालाच्या उताराच्या फळीवरून आत घरंगळलो.

आत अंधारात धाकटा नखं खात फेऱ्या मारत होता. त्याने मला बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“दादा?”

“एक शब्द बोलू नकोस. कात्री आण आणि मला सोडव.”

“अरे पण, पाठ शिवलीये! उसवायला, मग मला शिवायला…” त्याने मावशींकडे बघितलं. मावशींनी नाकातून नकार दिला. बाजूलाच जादूगार सशाची टोपली घेऊन उभा होता. माणूस वाईट नव्हता. तो मला म्हणाला, “पहिल्यांदा भीती वाटतेच. एकदम समोर बघू नका.” ससा मात्र झोपला होता.

समोरच्या काळोखातून मॅनेजरचा आवाज आला. “चार वाजले! पोशाख आहे का नाही?”

धाकट्याचा चेहरा मी पाहिला. लहानपणी शाळेच्या नाटकात शेवटच्या क्षणी याचं काम काढून घेतलं होतं, तेव्हाही तो रडला नव्हता, नुसता असा पांढरा पडला होता. मला भयंकर राग आला. मॅनेजरचा, जादूगाराचा, नियम नऊचा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, “सरक,” आणि स्टेजवर गेलो.

म्हणजे जायला लागलो. कडी पडद्यात अडकली. पडदा आणि मी असे दोघेही आलो. मावशींनी धावत येऊन पडदा सोडवला. मग मी मधोमध उभा राहिलो आणि दिवे लागले.

तुमच्यावर कधी थिएटरचे दिवे पडलेत का? समोरचं काहीही दिसत नाही. कोणी हसतंय का, कोणी आहे का, काही कळत नाही. मी हात कुठे ठेवायचे ते शोधत होतो. शेवटी मी ते पाठीमागे घेतले, ऑफिसात साहेब येतात तेव्हा घेतो तसे.

“वळा,” काळोख म्हणाला. मी वळलो. माझ्यानंतर थोड्या वेळाने गाऊन वळला. मी थांबलो तेव्हा तो थांबला नव्हता.

“चाला.” चाललो. “हसा.” हसलो. निदान मी तरी ते हसूच समजत होतो.

मग मॅनेजर म्हणाला, “पोशाख उत्तम आहे. असा पोशाख या स्टेजवर आला नव्हता.” कोणीतरी विंगेत हुंदक्यासारखा श्वास सोडला. “पण बाई बदला.”

“काय?” मी म्हटलं.

“ही बाई नको. चाल नाही, नजर नाही, हात कुठे आहेत तिचे? आणि मिशी आहे तिला.”

आता बघा, मला बाई व्हायचं नव्हतं. जन्मात नव्हतं. पण सकाळपासून एवढं सोसून, अंत्ययात्रेतून, साहेबांसमोरून, सही करून, लघवी रोखून मी इथवर आलो आणि हा मला नापास करतो? माझा तोल गेला. “अहो, तुम्ही येऊन दाखवा घालून!” मी काळोखाला म्हणालो. “चार कप चहा पिऊन दाखवा घालून! नजर नाही म्हणे! दिवा डोळ्यांत मारल्यावर कसली नजर राहणार?”

“बाई फार बोलते,” मॅनेजर म्हणाला.

तेव्हा धाकटा पुढे आला. साधी पँट, कोपरावर विरलेला स्वेटर, गळ्यात माप घ्यायची टेप. तो मॅनेजरच्या दिशेने स्टेजच्या काठाकडे चालत गेला, आणि तीनचार पावलांत त्याची चाल कधी बदलली ते मला कळलं नाही. स्वेटर तोच होता. पण खालच्या काळोखात उतरल्या त्या बाईसाहेब.

“साहेब,” तो बाईसाहेबांच्या त्या जाड, मधाळ आवाजात म्हणाला, “त्याच्यावर रागावू नका. तो माझा दादा आहे. घराण्यात सगळी अक्कल त्याला गेली, मग नजर, चाल आणि हात माझ्या वाट्याला आले. आणि तुम्ही इतका वेळ काळोखात बसून बायकांना नावं ठेवताय, तेव्हा तुमच्या वाट्याला काय आलं ते आम्ही विचारणार नाही.”

मॅनेजर हसला. पहिल्यांदा नाकातून, मग मोठ्याने. विंगेतून जादूगारही हसला, हे मला मान्य करायलाच हवं. मॅनेजर म्हणाला, “ठीक आहे, बाईसाहेब. सुरुवात तुमची.”

मी स्टेजवरून ओरडलो, “झालं ना? मग मला सोडवा!” मावशी कात्री घेऊन आल्याच होत्या. त्यांनी माझ्या पाठीला हात लावला.

“मावशी, थांबा,” खालून धाकट्याचा आवाज आला. बाईसाहेबांचा नाही, त्याचा स्वतःचा. “एक मिनिट थांबा. दादा, हलू नकोस.”

“आता काय राहिलं?”

“अरे, मी कधी बघितलाच नाहीये.”

“काय?”

“मी आतच असतो ना दर वेळी. इतके कपडे शिवले स्वतःसाठी. आरशात दिसतं तेवढंच. समोरून, खुर्चीत बसून, कसं दिसतं ते मला माहीत नाही रे.”

मी पाठीमागचे हात काढले आणि तो ठेवतो तसे कंबरेवर ठेवायचा प्रयत्न केला. तो पहिल्या रांगेत बसला असावा, कारण खुर्ची वाजली. मग मधल्या रांगेतली वाजली. मग पावलं लांब गेली, जिना चढल्याचा आवाज आला, गुडघे बोलल्याचाही आला, आणि मग कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मावशी कात्री घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.

मग अगदी वरून, जिथे सगळ्यात स्वस्त तिकिटं असतात तिथून, त्याचा फाटलेला आवाज आला.

“दादा! अरे, शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसतंय रे!”

मग मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी आणखी एकदा वळलो. सावकाश, त्याला सगळं दिसेल असा.